मागच्या भिंतीबाहेरचा पाइप

गेल्या हिवाळ्यात आमचा बॉइलर तीनदा बंद पडला. पहिल्यांदा मी मेकॅनिकवर चिडले. दुसऱ्यांदा नवऱ्यावर चिडले, आणि तो तर चार वर्षांपूर्वीच गेला आहे. तिसऱ्यांदा ज्यांच्यावर चिडले त्या माझ्या सासूबाई. त्या वेळी मी जे बोलले ते आठवलं की अजून हातातला घास तसाच राहतो.

शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलमध्ये बहुतेक घरांत गरम हवा खेळवतात. आमचं घर जुनं, बेसमेंट नसलेलं. भिंतींना लागून लोखंडी रेडिएटर आहेत, त्यांतून गरम पाणी फिरतं, आणि ते पाणी तापवणारा बॉइलर स्वयंपाकघरामागच्या अरुंद खोलीत असतो. जुना बॉइलर म्हातारा झाला तेव्हा नवऱ्याने हौसेने नव्या पद्धतीचा बसवून घेतला. हा बॉइलर धुरातली ऊबसुद्धा बाहेर जाऊ देत नाही, ओढून घेतो. मग त्या गारठलेल्या धुराचं पाणी होतं, भाताच्या झाकणाला आतून सुटतं तसं. ते थेंब थेंब गळणारं पाणी कुठेतरी सोडावं लागतं, आणि त्या खोलीत मोरी नाही.

बसवायला आलेला माणूस म्हणाला, छोटासा पंप लावू आणि पाणी घरातल्या घरात बाथरूमपर्यंत नेऊ. नवरा मेकॅनिकल इंजिनिअर. पंप म्हणजे बिघडणारी आणखी एक वस्तू, असं त्याचं ठाम मत. त्यापेक्षा भिंतीला भोक पाडा आणि पाइप सरळ मागच्या अंगणात काढा, उतारानं पाणी आपोआप जाईल. शिकागोच्या थंडीत पाण्याचा पाइप घराबाहेर काढणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. पण त्याच्याशी वाद घालून आजवर कोण जिंकलं होतं? मी चहा टाकायला निघून गेले आणि भिंतीला भोक पडलं.

बाहेर पाइप हात-दीड हात लांब होता. मग खाली वळलेलं त्याचं तोंड, जमिनीपासून चांगलं गुडघाभर वर, आणि खाली दगडगोट्यांचा खड्डा. एवढ्याशा तुकड्यासाठी दर नोव्हेंबरात नवऱ्याचा एक अख्खा शनिवार जायचा. पाइपवर गरम होणारी वायर गुंडाळलेली, तिचा बारीकसा दिवा लागतो की नाही ते बघायचं. वरून फोमचं वेष्टण घालायचं, त्याला चिकटपट्टी मारायची. उतार तपासायला तो पाइपवर लेव्हलची पट्टी ठेवायचा, मग डोळा बारीक करून मागे सरकून बघायचा, जणू धरण बांधतोय. मागच्या दारापासून पाइपपर्यंतचा बर्फ काढून वाट मोकळी ठेवायची हाही त्याचाच नियम. हे सगळं त्याने एका कागदावर लिहून बॉइलरच्या दारावर आतून चिकटवलं होतं, मराठीत, कारण मी कधीतरी वाचेन अशी त्याला आशा होती. तो असेपर्यंत मी ते एकदाही वाचलं नाही. तो गेल्यावर दर नोव्हेंबरात वाचते. ‘पाइपचं तोंड नेहमी उघडं असावं’ या वाक्याखाली त्याने दोन रेघा मारल्या होत्या. मला वाटायचं, पाइपचं तोंड कोण कशाला बंद करील?

आता सासूबाईंबद्दल. त्यांचं वय चौऱ्याऐंशी. सासरे गेल्यावर नवऱ्याने त्यांना जालन्याहून इकडे आणलं, त्याला आता आठ वर्षं झाली. पहिली चार वर्षं त्या आपल्या मुलाच्या घरी राहत होत्या. नंतरची चार वर्षं त्या माझ्या घरी राहतात. घर तेच आहे, पण फरक त्यांनाही कळतो आणि मलाही. धाकटा मुलगा, म्हणजे माझा दीर, छत्रपती संभाजीनगरला असतो. नवऱ्याचे दिवस झाल्यावर सगळ्यांनी गृहीत धरलं की आता त्या तिकडे जातील. त्या जाते म्हणाल्या नाहीत, मी जा म्हटलं नाही, आणि दिराने ये म्हटलं नाही. दिवस गेले. इथल्या मराठी मंडळातल्या बायका भेटल्या की म्हणतात, “कमाल आहे हं तुझी, सासूला सांभाळतेस.” मला त्यात कमाल काही वाटत नाही. मी फक्त काही ठरवलं नव्हतं.

गेल्या वर्षी मात्र ठरवलं. मी साठीला आले आहे. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, पहाटे साडेपाचला घर सोडते, रक्ताच्या नळ्या बघून दुपारी तीनला परत येते. मग गरम पोळ्या, त्यांची औषधं, दम्याचा पंप, डोळ्यांत थेंब, बर्फ असेल तर फावडं. गुडघे बोलायला लागले होते. टेक्ससमध्ये शुगर लँडला राहणारा मुलगा फोनवर एकच टुमणं लावायचा, “मॉम, जस्ट सेल द हाऊस. इथे ये. इथे बर्फ तरी नाही.” त्याच्याकडे एक जास्तीची खोली आहे, एकच. मी दिराला फोन केला. तो हो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, पण म्हणाला. मार्चमध्ये सासूबाईंना पोचवायचं, एप्रिलमध्ये घर विक्रीला काढायचं. हे मी दिवाळीआधीच ठरवलं, आणि सासूबाईंना सांगितलं नाही. उद्या सांगू, थंडी ओसरल्यावर सांगू, तिकिटाचं बघताना सांगू. रोज त्यांच्या ताटात पोळी वाढताना माझ्या घशाशी ते वाक्य यायचं आणि मी आमटी वाढून गप्प बसायची.

बॉइलर पहिल्यांदा बंद पडला तो जानेवारीच्या सुरुवातीला. बर्फ नव्हता, नुसती कोरडी, कडकडीत थंडी. दुपारी घरात शिरले तर ऊब नाही. सासूबाई स्वयंपाकघरात दोन स्वेटर, शाल आणि कानटोपी घालून बसलेल्या. मी विचारलं, “केव्हापासून गार आहे?” त्या म्हणाल्या, “झाले असतील दोनेक तास. आधी ते गुळगुळ वाजलं, मग गप झालं.” फोन का नाही केला, तर तू कामात असशील म्हणून. भिंतीवरच्या तापमापकाचा काटा बावन्न फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्याकडच्या अकरा अंशांवर आला होता. दमेकरी माणूस बावन्न अंशांत दोन तास बसून होतं, आणि वर मलाच बस म्हणत होतं.

मेकॅनिक तासाभरात आला. पोलिश, मिशीवाला, माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. बाहेर जाऊन बघून आला आणि म्हणाला, पाइपच्या तोंडाशी बर्फ धरलाय, पाणी तुंबलं म्हणून मशीन स्वतःहून बंद झालं. मी म्हटलं, नोव्हेंबरातच तर तुम्ही सगळं तपासून गेलात, वायर ठीक आहे म्हणालात. तो म्हणाला, वायर ठीकच आहे, आत्ताही गरम आहे. मी म्हटलं, मग गोठलं कसं? त्याने खांदे उडवले. मला खांदे उडवणाऱ्या माणसांचा संताप येतो. मी त्याला नको ते बोलले, तुम्ही लोक कामं नीट करत नाही वगैरे. त्याने शांतपणे पाइपवर कोमट पाणी ओतलं. उकळतं ओतू नका, पाइप तडकेल, असं मलाच समजावलं आणि बटण दाबून बॉइलर चालू करून गेला.

दुसऱ्यांदा दोन आठवड्यांनी. या वेळी मी त्याला बोलावलं नाही. कागद वाचून आपलं आपण केलं. नवऱ्याचे जाड बूट घातले, चहाच्या पातेल्यात कोमट पाणी घेतलं आणि मागच्या वाटेने गेले. पाइपच्या तोंडाला बर्फाचा गोळा लोंबत होता, चिक्कूएवढा. त्यावर पाणी ओतलं तेव्हा तो सुटून दगडांत पडला. त्यात एक पांढरा धागा अडकलेला दिसला. मला वाटलं, एखाद्या पाखरानं घरट्यासाठी काहीतरी आणलं असेल. इतक्या थंडीत कुठलं पाखरू घरटं बांधतं, हा प्रश्न डोक्यात यायला हवा होता. पण मी सकाळी चारला उठलेली, हात बधिर झालेले, आणि डोक्यात एवढंच की हे भोक भिंतीला पाडायला सांगून तू मोकळा झालास. मोठ्याने म्हणालेच मी ते. “तू गेलास आणि तुझा पाइप माझ्या गळ्यात टाकून गेलास.” शेजारच्या कुंपणापलीकडचा कुत्रा माझ्याकडे बघत होता. मला रडूही आलं नाही, इतकी मी दमले होते.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, “काय झालं होतं गं त्याला?” मी म्हटलं, पाणी गोठलं. त्या म्हणाल्या, “किती पाणी वाया जायलंय ना गं तिथनं. दिवसभर टपटप टपटप.” मी म्हटलं, “ते पाणी कामाचं नसतं, आंबट असतं. जाऊ द्या.” आणि मी झोपायला गेले. आणखी दोन मिनिटं बसले असते तर तिसरी वेळ आली नसती. पण त्या दिवसांत मला कुणापाशी दोन मिनिटं बसणं जमतच नव्हतं.

तिसरा दिवस शुक्रवार होता. बर्फाचं वादळ येणार म्हणून टीव्हीवर सकाळपासून लाल पट्टी फिरत होती. माझ्या नंतरच्या पाळीची बाई रस्ते बंद व्हायच्या आत येऊन बसली, म्हणून मला अकरालाच सोडलं. घरी आले तेव्हा बाहेर शून्याच्या खाली होतं, इथल्या हिशेबाने, फॅरनहाइटमध्ये. गॅरेजमधून आत आले. घर गार पडायला लागलं होतं, बॉइलरवर तांबडा दिवा. सासूबाईंना हाक मारली. उत्तर नाही. बाथरूममध्ये नाहीत, खोलीत नाहीत. मग पायांना वारा लागला. मागचं दार अर्धवट उघडं होतं.

त्या पाइपपाशी उभ्या होत्या. साडीवर नवऱ्याचं जुनं जाकीट, पायांत मोज्यांवर चपला. शेजारी फरशी पुसायची निळी बादली, विटेवर ठेवलेली. आणि पाइपच्या तोंडाला बांधलेलं होतं फडकं. पांढरं, सुती, चार पदरी, सुतळीने गच्च आवळलेलं, जसं जालन्याला त्यांच्या घरी नळाला बांधलेलं असायचं. गाळून यावं, शिंतोडे उडू नयेत आणि थेंबही बादलीबाहेर जाऊ नये म्हणून. लग्न होऊन मी त्या घरात गेले तेव्हा दहा दिवसांनी एकदा नळ यायचा. तो आला की सगळं घर सासूबाईंच्या हुकमाखाली असायचं. पिंप कुठलं आधी, हंडा कुठला नंतर, फडकं कुणी धुवायचं, सगळं त्या सांगायच्या. मला नळापाशी जायची परवानगी मिळायला वर्ष लागलं होतं.

ते फडकं आता दगडासारखं झालं होतं. त्या उघड्या बोटांनी गाठ सोडवायला बघत होत्या, कारण हातमोजे घालून गाठ सुटत नव्हती. बोटांची टोकं पांढरीफटक पडली होती. त्यांना खोकला येत होता आणि त्या खोकत खोकत सुतळी ओढत होत्या. मी येताना दिसले तशा म्हणाल्या, “सुटतंय बघ आता.”

मी त्यांना दंडाला धरून आत ओढलं. हळू ओढलं असं म्हणणार नाही. दार लावलं, खुर्चीत बसवलं आणि माझा तोल सुटला.

“हे तुम्ही बांधत होतात? तिन्ही वेळा?”

“पाणी वाया...”

“कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मेला असतात तुम्ही! बाहेर पडून राहिला असतात, तीन वाजेपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता! मी काय काय बघू? नोकरी बघू, घर बघू, बर्फ काढू, की तुमच्या मागे मागे फिरू?”

त्या खाली बघत होत्या. त्यांनी तरी गप्प बसावं, पण नाही. हळूच म्हणाल्या, “तू यायच्या आत सोडून घेते मी रोज. ते पाणी मी संडासात टाकते. फरशीला घेते. तेवढंच तुझं...”

“माझं काही नको! मार्चमध्ये तुम्हाला पाठवतेच आहे भाऊजींकडे, तिथे भरा काय पाणी भरायचं ते. तोवर माझ्या घरात कशाला हात लावू नका!”

तीन महिने जे वाक्य घशाशी अडकलं होतं, ते असं बाहेर आलं. ‘माझ्या घरात’ हेही त्यातच आलं.

मला वाटलं त्या रडतील, किंवा देवाचं नाव घेतील. त्यांनी दोन्ही हात शालीत घातले आणि म्हणाल्या, “मला माहितेय की ते.”

“काय माहितेय?”

“मार्चचं. दिवाळीत त्याचा फोन आला होता मला.”

“भाऊजींचा? काय म्हणाले?”

आपल्या पोराचं उणं सांगायचं म्हणून त्या शब्द निवडत असाव्यात. “म्हणाला, वहिनी पाठवते म्हणाल्या, मी हो म्हणालोय, नाही कसं म्हणणार. पण आई, इथं अडचण आहे. जागा नाही, बायकोची तब्येत बरी नसते. तुला तिथंच राहता आलं तर बघ. तूच बोल वहिनीशी.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू?” त्या म्हणाल्या. “लेक असता तर हक्कानं म्हटलं असतं, ठेव रे मला. तू सून. त्याच्यामागं तू चार वर्षं केलंस. आता तुला आणिक कुठल्या तोंडानं सांगू? म्हटलं, काहीतरी कामाला यावं. इथं समदं आपोआप होतंय. भांडी मशिनीत, कपडे मशिनीत. ते एक पाणी दिसलं, रोज भरता येईल असं.”

मी आजवर लोकांना सांगताना ही गोष्ट इथे आले की जरा गोड करून सांगते. मी त्यांना मिठी मारली वगैरे. खरं ते नाही. खरं असं की मला भयंकर राग आला. दिराचा आला, तो तर यायलाच हवा. स्वतःची शरम वाटली. पण त्यांचाही राग आला, कारण आता मला त्यांना पाठवता येणार नव्हतं. मुलाच्या गावची ती बर्फ नसलेली खोली माझ्या डोळ्यांसमोरून गेली. मी त्या खोलीचे पडदेसुद्धा मनात निवडून ठेवले होते.

मग मी उठले. तसराळ्यात कोमट पाणी आणलं आणि त्यांचे हात त्यात धरले. बोटांना रंग परत येताना फार दुखतं, हे मला कामामुळे माहीत आहे. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते दुखण्याचं की आणखी कशाचं ते मी विचारलं नाही. त्यांचा दम्याचा पंप दिला. गॅसवर चहा ठेवला. मग कात्री घेऊन बाहेर गेले आणि ते फडकं कापून काढलं. आत बर्फ वरपर्यंत चढला होता. दोन पातेली पाणी ओतूनही उतरेना, बटण दाबूनही मशीन चालू होईना. मेकॅनिकला फोन केला. वादळाआधीचं शेवटचं काम म्हणून तो आला.

मी त्याला कापलेलं फडकं दाखवलं. ते कशाला बांधतात तेही सांगितलं, मागच्या वेळच्या बोलण्याबद्दल माफीही मागितली. तो फडकं उलटंसुलटं करून बघत होता. म्हणाला, लहानपणी आजीच्या गावी विहिरीचं पाणी असंच कापडातून गाळायचे. मग सासूबाईंच्या हातांकडे बघून म्हणाला, बोटं डॉक्टरला दाखवा.

पाइप त्याने बाहेरून सोडवलाच नाही. म्हणाला, ही थंडी आठवडाभर हलणार नाही, पुन्हा गोठेल. आतल्या बाजूने त्याने पाइप सुटा केला, त्याला रबरी नळी जोडली आणि नळीचं टोक एका बादलीत सोडलं, आमच्याच त्या निळ्या बादलीत. थंडी आहे तोवर पाणी घरातच पडू दे. कायमचा उपाय करायचा तर पंप बसवावा लागेल, जो पहिल्या दिवशीच बसवायला हवा होता. पण बादलीचं एक लक्षात ठेवा, म्हणाला, भरून पाणी जमिनीवर आलं तर मशीनच्या तारा खाली आहेत. दर तीन-चार तासांनी रिकामी करावीच लागेल. मग पाने-पकडी पेटीत टाकताना त्याने विचारलं, “दिवसा घरी कुणी असतं का?”

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही, पण बादलीकडे आणि माझ्याकडे बघून त्यांना प्रश्न कळला असावा. त्या खुर्चीत जरा ताठ बसल्या.

“असतं,” मी म्हटलं. “रोज असतं.”

पंपाचं काय करायचं म्हणाला. मी म्हटलं, बघू. आपल्याकडे बघू म्हणजे काय ते त्याला कळायचं कारण नव्हतं.

रेडिएटर पुन्हा कुरकुरत तापायला लागले. वादळ दुपारी आलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बर्फ पडत राहिला. सासूबाईंची दोन बोटं सुजली होती, त्यांना मी मलम लावून पट्टी बांधली होती. बादलीतलं पाणी त्या लहान भांड्याने काढून नेत होत्या, डाव्या हाताने, तीन-चार खेपांत. मी नेते म्हटलं तर “तू बस” म्हणाल्या. मी बसले. किती दिवसांनी मला कुणी बस म्हटल्यावर मी बसले असेन.

शनिवारी सकाळी, तिकडे संध्याकाळ असते त्या वेळी, मी दिराला फोन लावला. रात्रभर मनात पुष्कळ वाक्यं तयार केली होती, चांगली झोंबतील अशी. ती बोलायची नाहीत असं चहा पिताना ठरवलं. त्यात माझंही काही चुकलं होतं, आणि सासूबाई समोरच बसल्या होत्या. त्यांनाही ऐकू यावं म्हणून फोन मी स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

“भाऊजी, मार्चचं आपलं बोलणं झालं होतं ना. तो बेत मी रद्द केलाय. आई इथेच राहतील.”

पलीकडून श्वास सोडल्याचा आवाज आला, मोठा, पोटापासूनचा, पोलिसाने पावती न फाडता सोडून दिल्यावर माणूस सोडतो तसा. त्याला कल्पना नव्हती की आवाज इतका स्पष्ट येतो.

“हां, बरं बरं,” तो म्हणाला. आवाज एकदम मोकळा झाला होता. “तुम्ही म्हणत असाल तर तसंच करू वहिनी. नाही, इथं आमची तयारी होतीच. पण तिला तिकडंच बरं. सवय झालीय. हवाही चांगली आहे तिकडं.”

खिडकीबाहेर कमरेइतका बर्फ साचला होता.

“आई समोरच आहेत,” मी म्हटलं. “ऐकतायत. बोला.”

“आई? बरी आहेस ना?” त्याने विचारलं.

“बरी आहे रे,” सासूबाई म्हणाल्या, अगदी लग्नघरात बोलावं तशा मोठ्या, आनंदी आवाजात. “मला इथं काय कमी आहे? तू तब्येतीला जप. तिलाही जप.”

फोन मी ठेवला. जरा वेळाने त्या टेबलाला धरून उठल्या आणि मागच्या खोलीत बादली बघायला गेल्या. दहा मिनिटांपूर्वीच त्यांनी ती रिकामी केली होती. मी त्यांना तसं सांगितलं नाही.